राजेसाहेबांचे उष्टे छरे

"उष्टे छरे? आमच्या बंदुकीत उष्टे छरे?"

करंजखोल संस्थानचे राजेसाहेब असे कडाडले की मैदानातल्या टिटव्या भर्रकन उडाल्या. खरं तर टिटव्यांनी घाबरायचं काहीच कारण नव्हतं. राजेसाहेबांच्या बंदुकीनं आजवर एकाही पाखराचं वाईट केलं नव्हतं!

त्यांना नवा शौक लागला होता. विलायती यंत्रातून मातीची थाळी आभाळात भिरकावायची आणि खाली पडायच्या आत छऱ्यांनी फोडायची. थाळ्या लांबच्या गवतात पडत आणि इकडे दिवाण त्र्यंबकपंत टाळ्या पिटत, "फुटली, सरकार, फुटली!" आज मात्र वाऱ्यानं घात केला. थाळी गिरकी घेऊन थेट राजेसाहेबांच्या पायाशी पडली. अख्खी!

पंतांना घाम फुटला, पण डोकं चाललं. "सरकारांचा नेम चुकेल कसा? छरेच उष्टे! ती हौसा झारेकरीण मैदानात पडलेले छरे वेचते आणि पुन्हा शिकारखान्याला विकते!"

झालं, शिपायांनी हौसाला तिच्या छऱ्यांसकट ओढत आणलं. सोनारांच्या दारची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणं हा झारेकऱ्यांचा धंदा. हौसानं तीच अक्कल शिशावर चालवली होती. मैदानातली माती खरवडायची, पाण्यात घोळवायची, खाली बसलेले छरे उन्हात वाळवायचे. तिची आणि तिच्या आंधळ्या सासऱ्याची चूल त्यावरच पेटत होती.

"एकदा झाडलेला छरा उष्टाच!" राजेसाहेब म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत हे सगळे बिनउष्टे करून दाखव. नाहीतर सासऱ्याला घे आणि संस्थानाबाहेर चालती हो!"

"सरकार, उष्ट्याचं परत कोरं कुणाला जमलंय का?"

"ते तू बघ!"

म्हाताऱ्याला घेऊन जायचं कुठं? सरहद्दीपलीकडं हौसाला ओळखणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. राजा रे राजा, नेम तुझा वाकडा आणि देशोधडीला लागायचं मी! मनातल्या मनात तिनं त्याला चांगल्या चार शिव्या हासडल्या. मग एकदम तिला हसू फुटलं. टोपली उचलून ती तडक मैदानापलीकडच्या गवतात शिरली.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. हौसानं छऱ्यांचा ढीग पुढं ओतला. शेजारी फडकं झाकलेली टोपली ठेवली.

"केलेस बिनउष्टे?"

"करायचं काय, सरकार? हे उष्टे झालेच न्हाईत!"

"काय बरळतेस? आम्ही स्वतः झाडलेत ते!"

"झाडलेत, खरं हाय जी. पण नुसतं ताटात वाढलं म्हणून अन्न उष्टं व्हतं का? कुणी तोंड लावलं तर व्हतं. ह्या बापड्या छऱ्यांनी कशालाच तोंड लावलेलं न्हाई!"

आणि तिनं फडकं ओढलं. टोपलीभर थाळ्या! एकीचाही टवका उडालेला नाही.

"ह्या त्या गवतातल्या, सरकार."

"खोटं!" पंत किंचाळले. "त्या फुटल्या होत्या! मी या डोळ्यांनी पाहिल्यात!"

"मग पंत, त्या सांधल्या कुणी? असा कारागीर संस्थानात असंल तर त्याला हत्तीवर बसवा की!"

राजेसाहेबांनी एक थाळी उचलली, उलटी केली, सुलटी केली, बोटानं वाजवून पाहिली. चेहरा लालबुंद! आता गेलं डोकं, असं हौसाला वाटलं.

आणि राजेसाहेब फिस्सकन हसले! मग आवरेना. सिंहासनावर मागं रेलून ते इतके हसले की मंदील डोळ्यांवर आला.

"म्हणजे आमचे छरे अगदी सोवळ्यातले! नैवेद्याला चालतील! ऐका रे, आजपासून मैदानातलं सगळं शिसं हौसाचं. शिकारखान्यानं छरे तिच्याकडूनच घ्यायचे. आणि पंत, गवतातल्या थाळ्या वेचायला उद्यापासून तुम्ही!"

हौसानं वाकून मुजरा केला.

"अजून काही मागायचंय?" राजेसाहेबांनी डोळे पुसत विचारलं.

"एकच जी. नेम तेवढा सुधारू नका! एखादी थाळी फुटली तर माझे छरे उष्टे व्हतील!"