तीन हिसके

फार पूर्वी तळ्यातल्या उघड्या खडकावर सुगरण पाखरं राहत. तिथं दाणा उगवत नसे. काठावरच्या पाखरांना खोपे विणून द्यायचे, बदल्यात दाणा आणायचा. म्हातारी रेवा प्रत्येक खोप्याला तीन हिसके देई. काडी सुटली, तर पुन्हा विणायला लावी.

एका वर्षी कावळे निम्म्या दाण्यांत खोपे देऊ लागले. खडकावर उपासमार आली.

“आजी, हिसके पुरे! भराभर विणू,” तरुण सुगरणी म्हणाल्या.

“पोटं खपाटीला जाऊ देत. हिसके तीनच!”

मग वादळात कावळ्यांनी विणलेले सगळे खोपे गळून पडले; सुगरणींचे तेवढे टिकले. कावळ्यांचा म्होरक्या स्वतःच्या पिलांसाठी खोपा मागायला आला.

“दाणे किती?” त्यानं विचारलं.

रेवानं खोपा पुढं केला. “आधी तीन हिसके दे. मग बोलू.”