चार डिग्रीचं दूध

फलटणजवळ एका परदेशी कंपनीचं दुधाचं केंद्र होतं. टाकी किती थंड आहे, ते मंदा खरात दर तासाला कम्प्युटरमध्ये भरायची. मंगळवारी चार तास वीज गेली. टाकी बंद, काटाही बंद. मंदानं ते चार रकाने मोकळे सोडले. बघितलंच नाही, तर लिहायचं कुठून?

झालं, मुंबईहून भडकमकर साहेब आले. नऊ देशांतल्या केंद्रांची माहिती चोख ठेवायची, हे त्यांचं काम. आणि चोख म्हणजे काय, तर रकाना रिकामा नको. भिंतीवरच्या पडद्यावर नऊ देशांचे साहेबही हजर.

"मंदाबाई, सगळ्यांत तुमचं एकटीचं केंद्र लाल दिसतंय. आत्ता भरा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

"काय भरू, साहेब?"

"बाकीचे भरतात तेच. चार डिग्री."

मंदानं चार वेळा चार लिहिलं. पडदा हिरवागार झाला आणि साहेब नवरदेवासारखे खुलले.

मंदा आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. "घ्या साहेब, त्याच टाकीतलं, मंगळवारचं. बाकीचं ओतून दिलं, एवढं ठेवलं होतं."

पेला नाकाशी गेला आणि तिथूनच मागं फिरला. "अहो, हे नासलंय."

"नाकाचं काय ऐकता? कम्प्युटर चार डिग्री म्हणतोय ना. प्या, नऊ देश बघतायत."

साहेबांनी पेला लांब सारला. "ते आकडे पुसा," ते हळूच म्हणाले, "आणि उद्या वेळेवर या."

पडद्यावर मात्र नऊच्या नऊ साहेबांनी हातातले चहाचे कप मुकाट्यानं खाली ठेवले होते.