किती एचपीचं ढेकूळ

"...म्हणजे अठरा एचपीचा घेऊ का अठ्ठावीसचा, तेवढं सांगा बाबा."

डोमाजी बाबा मठामागच्या संत्र्याखालचं गवत उपटत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

विचारणारा भास्कर धर्माळे. ट्रॅक्टरचा विषय निघाला की अख्ख्या तालुक्याला सल्ला देणारा, तोही न मागता. आज स्वतःवर पाळी आली, तर सकाळपासून घशाखाली चहासुद्धा उतरला नव्हता. संध्याकाळपर्यंत शोरूममध्ये पक्कं सांगायचं होतं.

"लहान घेतला तर काय होते?"

"ढेकळं फोडायचा रोटाव्हेटर पेलत नाही जी. आपली काळी माती. गेल्या साली भाड्यानं लहानच आणला होता. नुसता उड्या मारे. खाली दाबला तर बंद पडे."

"मग मोठा घे."

"संत्र्याच्या ओळीत मावत नाही. फांद्या मोडते. मोठाही आणून पाह्यला बाबा. खोल घातला. मुळ्या तुटल्या अन् दोन झाडं वाळली. बापानं लावलेली होती... आता चुकलो तर बाग जाईल. मले लय भीती वाटते."

हे तो बायकोजवळही बोलला नव्हता.

बाबा उठले. कुंपणापाशी उन्हात पडलेली दोन ढेकळं उचलली. एक त्याच्या हातावर ठेवलं.

"फोड."

भास्करनं दाबलं. दोन्ही हातांनी दाबलं. कपाळाची शीर फुगली. ढेकूळ जसंच्या तसं.

"ताकद कमी पडते?"

"...हो."

बाबांनी दोन्ही ढेकळांवर तांब्यानं पाणी शिंपडलं आणि ती सावलीत ठेवली.

"बस."

बसला खरा, पण कसला बसतो. शोरूमचा फोन वाजला. "हो हो, येतोच," म्हणाला. परत वाजला. शेवटी राहवेना, त्यानं एक ढेकूळ उचलून दाबलं. बोटांच्या फटींतून चिखल आला.

बाबांनी हात धुवायला पाणी दिलं.

दुपार कलली. भास्करनं फोन बंद करून खिशात टाकला होता. कधी टाकला, त्याचं त्यालाही आठवेना.

"आता."

दुसऱ्या ढेकळाला त्यानं भीत भीत अंगठा लावला. ते भुरभुर सुटलं.

"वाफसा आला," तो पुटपुटला. ना कोरडी ना चिखल, मशागतीला हवी तशी माती.

"गेल्या साली आला होता?"

भाड्याचा ट्रॅक्टर ज्या दिवशी मोकळा, त्या दिवशी त्याची मशागत. लहान आला तेव्हा जमीन दगडासारखी वाळलेली. मोठा आला तेव्हाही तीच गत, म्हणून तो जोर लावून खोल घातलेला.

"ट्रॅक्टर दुसऱ्याचा होता बाबा. त्याले थांब कसं म्हणू?"

"अन् हा?"

"हा माझा राहील..."

पण शोरूमला जायच्या आधी एकदा पक्कं ऐकायचं होतं त्याला.

"म्हणजे अठराचा पुरंल ना, बाबा?"

बाबा पुन्हा गवताला बसले होते.

"मातीले पुरंल," ते म्हणाले. "तुह्या घाईले पुरते का, ते पाहून घे."