उघडी भिंत

“आणि आता हिच्यावर काय लावायचं, महाराज?”

खटावकरांनी हातोडा खाली ठेवला आणि भिंतीलाच टेकून मटकन बसले. आज सातवा दिवस. डोक्यापासून पायापर्यंत नुसती सिमेंटची धूळ. चिडायचं म्हटलं तरी अंगात त्राण नव्हतं.

कैवल्यगिरी महाराज दाराजवळच्या बाजेवर बसले होते. ते खोकले.

तो खोकला खटावकरांच्या जिव्हारी लागायचा. नदीकाठच्या या दगडी मठाला आतून सिमेंटचा गिलावा त्यांनीच करून दिला होता, अकरा वर्षांपूर्वी. भिंतीवर जरा कुठे ओल दिसली आणि ओव्हरसिअर असलेल्या या शिष्याला राहवेना. एक थेंब आत येणार नाही, असं चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं. वर दाराशी स्वतःच्या नावाची संगमरवरी पाटीही बसवून घेतली.

दगडात मुरलेली ओल पूर्वी वाऱ्याने सुकून जायची. आता ती गिलाव्यामागे कोंडली आणि वर वर चढत गेली. भिंतीवर खारट लोणा फुटला, पोपडे सुटले, महाराजांच्या खोलीत कायमचा कुबट वास भरला. गवंड्याला बोलवायची लाज वाटली, म्हणून साठी उलटलेल्या माणसाने तो गिलावा उतरवायला स्वतःच छिन्नी हाती घेतली होती.

“अकरा वर्षं तुम्ही इथे निजलात,” खटावकर म्हणाले. “एकदा तरी बोलायचं होतंत.”

“बोललो की. पहिल्याच पावसाळ्यात.”

“काय बोललात?”

“ओल आहे म्हणालो. तू आणखी एक थर चढवलास.”

खटावकरांना आठवलं. त्यांची मान खाली गेली.

“परवा उत्सव आहे,” थोड्या वेळाने ते म्हणाले. “शे-दोनशे माणसं येतील. काहीतरी फासतो, महाराज. निदान झाकलं तरी जाईल...”

महाराज उठले. कण्हत, बाजेचा आधार घेत जवळ आले.

“हात बघू.”

तिसऱ्या दिवशी तळहातावरचा फोड फुटला होता. तेव्हापासून खटावकर त्यावर चिकटपट्टी घट्ट गुंडाळून काम रेटत होते. महाराजांनी ती हळूहळू सोलून काढली. खालची कातडी पांढरीफटक, भिजून लिबलिबीत झाली होती. वासही येत होता.

“झोंबतंय हो! पिशवीत मलम आहे. नवी पट्टीही आहे...”

महाराजांनी मनगट सोडलं नाही. त्यांना तसंच खिडकीशी नेलं, दोन्ही झडपा उघडल्या आणि तो हात चौकटीवर उताणा ठेवला.

नदीवरून वारा येत होता. तो उघड्या तळहातावरून फिरत राहिला.

खटावकर फार थकले होते. पाठीमागे ती भिंत होती, काळी, ओली, ठिकठिकाणी खाराने पांढरी पडलेली. लाजेने त्यांचे डोळे भरून आले.

“लोक माझी पाटी वाचतील, महाराज. मग आत येऊन ही भिंत बघतील. हे काय झालंय म्हणून विचारतील. मी काय सांगू त्यांना?”

महाराजांनी खोकल्याची उबळ कशीबशी आवरली.

“वाळतेय म्हणावं.”