चुलाणात काय जाळलं?

जंगलातल्या प्राण्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, त्या काळातली ही हकीकत. भिवरा नावाच्या म्हाताऱ्या रानगवीने उसासाठी आपलं कुरण दिलं होतं. त्याबदल्यात तिला दर हंगामात गुळाची एक ढेप मिळायची. गुऱ्हाळ चालवायचा आणि रसाच्या कढईखालचं चुलाण पेटवायचा झिपरू अस्वल.

एका वर्षी सगळ्यांच्याच ढेपी दुप्पट मोठ्या झाल्या. सभेत झिपरूचा जयजयकार झाला. भिवराने मात्र विचारलं, "झिपरू, चुलाणात काय जाळलंस?"

"झाडं तोडली, मावशी. उसाची चिपाडं वाळायची वाट कोण बघणार?"

भिवरा त्या तोडलेल्या झाडांकडे गेली. तिथे एक धनेश पक्षी चोचीत उंबर धरून घिरट्या घालत होता. त्याच्या पिल्लांच्या ढोलीचं झाडच उरलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून झिपरू घाबरला. "कुरण काढून घेणार का, मावशी?"

"नाही रे. कुरण घेऊन मी निघून गेले तर तुला विचारणार कोण? पण यापुढे सभेत गूळ किती झाला ते सांगशील, तसं काय जाळलं तेही सांगायचं."

"मग गूळ कमी होईल."

"होऊ दे. आधी माझी ढेप लहान कर."

झिपरू तिच्याजवळ येऊन बसला. "झाडं तोडताना मला वाईट वाटलं होतं, मावशी," तो हळूच म्हणाला. "पण सगळे फक्त ढेप केवढी, एवढंच विचारायचे."

भिवराने त्याचं कपाळ चाटलं. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून उन्हात चिपाडं पसरू लागली.