कासवाची ओली पाठ

एका नदीच्या काठावर एक छोटं राज्य होतं. छोटं म्हणजे किती, तर चार गावं, एक घाट आणि एक राजा. आणि राजा चांगला होता हं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्टीत राजा आला की लोक लगेच त्याला वाईट ठरवून मोकळे होतात.

त्या घाटावर एक नावाडीण राहायची. तिच्याकडे एकच नाव होती, तिला ती साळुंकी म्हणायची. सकाळी माणसं पलीकडच्या बाजारात सोडायची, संध्याकाळी परत आणायची. घरातली चूल या साळुंकीवरच पेटायची.

घाटाच्या मधल्या पायरीवर एक दगडी कासव होतं, आणि त्या कासवावरून राज्यात एक भारी पद्धत होती. नवा राजा गादीवर बसायच्या आधी नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "कासव बुडालं की गावातली प्रत्येक नाव माझी. कासवाची पाठ वाळली की ज्याची नाव त्याची." म्हणजे पूर आला तर राजानं हवी ती नाव घ्यावी, विचारत बसू नये. पण पूर सरला की परत करावी.

त्या वर्षी पूर आला. कसला आला, कासव तर सोडाच, वरचं देऊळसुद्धा अर्धं पाण्यात. राजानं सगळ्या नावा घेतल्या आणि खालच्या वस्तीतली माणसं एकेक करून बाहेर काढली. नावाडिणीची नणंदही त्यातच वाचली. नावाडिणीनं देवाला जोडावेत तसे हात जोडले राजाला.

मग पाणी उतरलं. ऊन पडलं. अंगणातली वाळवणं वाळली, पण कासवाची पाठ काही वाळेना. रोज बघावं तर ओलीच. आणि नावा तिकडे राजाकडे, दगड वाहतायत.

नावाडिणीच्या घरातली कणगी रिकामी होत चालली. राज्यातले तंटे सोडवायला राजानंच एक न्यायाधीशबाई नेमल्या होत्या. शेवटी ती म्हणाली, "मी न्यायाधीशबाईंकडे जाते."

नणंद उसळलीच. "वैनी, डोकं ठिकाणावर आहे का? ज्यानं मला पाण्यातून काढलं त्याच्यावर फिर्याद? लोक काय म्हणतील, वाचवलं म्हणून राग आला का?"

"राग नाही गं. उपकार आहेतच त्याचे. पण उपकार फेडायला नाव लागते, आणि ती त्याच्याकडेच आहे."

न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि भर दुपारी सरळ घाटावर येऊन बसल्या. राजालाही बोलावलं. राजा आला, नणंद आली, अख्खा गाव आला, आणि सगळे वरच्या देवळाच्या सावलीत बसले. थोड्या वेळानं राजाचा एक शिपाई नेहमीसारखा शीळ घालत आला, नदीतून घागर भरली, कासवाच्या पाठीवर ओतली, आणि वळून बघतो तर समोर सगळे.

"काय रे बाबा," न्यायाधीशबाईंनी विचारलं, "कासवाला उन्हाळा लागलाय का?"

शिपायाची शीळ तिथेच सुकली.

राजा पुढे झाला. "त्याला बोलू नका, हुकूम माझा आहे. मी बांध घालतोय, परत पूर गावात शिरू नये म्हणून. नावांशिवाय दगड कसे आणू? आणि शपथ मी मोडलेली नाही. पाठ वाळली की परत देईन म्हणालो होतो. बघा, ओली आहे."

"ओली आहे, पण घागरीनं."

"पूर सरला की नाही, हे राजानंच ठरवायचं ना?"

"राजानंच ठरवायचं असतं तर कासव कशाला लागलं असतं, महाराज? तुमच्या पणजोबांनी कासव निवडलं, कारण त्याला भिजवणं-सुकवणं नदीच्या हातात होतं. ते तुमच्या घागरीत आलं, तर शपथेत उरलं काय?"

राजा जरा तापला. "तुम्हाला या जागेवर मीच बसवलं."

"बसवलंत. पण इथे बसून कोणती शपथ पाळायला लावायची, ती तुम्हीच पाण्यात उभं राहून घेतलीत."

नावाडिणीनं आजूबाजूला बघितलं. शिपाई राजाचे, भाले राजाचे. न्यायाधीशबाईंकडे एक चटई आणि एक तांब्या.

"आणि मी नाही ऐकलं तर?" राजानं हळूच विचारलं.

"तर मी काही करू शकत नाही. पण पुढच्या पुरात तुम्ही नावा मागवाल, तेव्हा लोक आधी त्या उसात लपवतील. आणि खालच्या वस्तीत माणसं वाट बघत राहतील."

राजा खालच्या वस्तीकडे बघत राहिला. मग शिपायाच्या हातातली घागर त्यानं घेतली, पायरीवर पालथी घातली आणि म्हणाला, "नावा सोडा."

नावाडिणीला इतका धीर आला की तिनं तेवढ्यात विचारून घेतलं, "बाई, आणि साळुंकीची फळी फुटलीय, तिचं?"

"कधी फुटली?"

"ऐन पुरात."

"मग ती तुझी तू बसव. तेव्हा नाव त्यांचीच होती, आणि त्यांनी ती माणसं वाचवायला वापरली. त्यात त्यांचं काही चुकलं नाही."

नणंद तोंडाला पदर लावून हसली.

"आणि माझा बांध?" राजानं विचारलं.

"बांध चांगलाच आहे. नावा मागा ना. घेऊ नका, एवढंच."

संध्याकाळी राजा खरंच नावाडिणीच्या दारात. "ताई, बांधासाठी देशील का नाव?"

"बाजार नसेल त्या दिवशी या, महाराज. आणि येताना फळी बसवायला सुतार घेऊन या."

राजा खो खो हसला. सुतार आला, फळी बसली. घरोघरच्या नावा आळीपाळीनं आल्या आणि बांध अर्ध्यावर पोचला.

पुढच्या वर्षी पाणी परत चढलं. कासवाचं नुसतं डोकं बुडत होतं, राजानं अजून दवंडीही दिली नव्हती, आणि घाटावर सगळ्या नावा हजर. सगळ्यात पुढे साळुंकी, आणि वल्ह्यावर नणंद. खालच्या वस्तीतलं एकही माणूस मागे राहिलं नाही.

पाणी उतरल्यावर राजा रोज सकाळी स्वतः यायचा आणि कासवाच्या पाठीवर हात ठेवून बघायचा. एका सकाळी पाठ कोरडी लागली, उन्हानं कोमट. "न्या आपापल्या नावा," तो म्हणाला.

नावाडिणीनं कासवावर झेंडूचं फूल ठेवलं.

"हे कुणाला गं वैनी?" नणंदेनं चिडवलं. "राजाला, न्यायाधीशबाईंना, का या दगडाला?"

"तिघांनाही," नावाडीण म्हणाली आणि साळुंकीत चढली. "यातला एक जरी नसता, तर तू आणि ही साळुंकी, दोघीही मला परत मिळाल्या असत्या का?"

तात्पर्य: राज्य चांगल्या माणसाच्या हातात असलं, तरी त्याची हद्द कुठे संपते हे सांगणारं दुसरं कुणीतरी लागतं; आणि जो राजा ते ऐकतो, त्याच्या हाकेआधी लोक धावून येतात.