रिकाम्या पेशींतलं हिरवं

"म्हणजे ते प्रथिन तू डोळ्यांनी पाहिलंस?" शेवडे मॅडमनी विचारलं.

"पाहिलं, मॅडम. हे काय, हिरवं हिरवं."

निनादने चित्र पुढे सरकवलं. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियावर एक प्रथिन बसलेलं असतं. झिजलेल्या, निकामी प्रथिनांवर ते खूण करतं आणि खूण झालेली मोडीत निघतात. आजारी चेतापेशींत हे खूण करणारं प्रथिन वाढतं, असा निनादचा शोध होता. शेवडे मॅडमच्या हाताखाली चाललेल्या त्याच्या पीएचडीची सगळी मदार त्यावरच. शोधनिबंध संध्याकाळी पाठवायचा होता आणि गड्याचे पाय सकाळपासून जमिनीवर नव्हते.

"हिरवं काय आहे?"

"अँटीबॉडी. ती त्या प्रथिनालाच चिकटते आणि चकाकते."

"त्यालाच?"

"बाटलीवर तसं लिहिलंय, मॅडम."

सूक्ष्मदर्शकाशेजारी दोन काचपट्ट्या होत्या, नावांवर कागदी टेप लावलेल्या. त्या मॅडमनी त्याच्यापुढे ठेवल्या.

"काल मीच रंगवल्या. तुझ्याच बाटलीतून. सांग, कुठली कशाची?"

निनादला हा पोरखेळ वाटला. त्याने पाहिलं. दोन्हींत हिरवं होतं, दुसरीत अंमळ जास्तच.

"ही दुसरी आजारी पेशींची. बघा ना, मायटोकॉन्ड्रियावर कसं नेमकं बसलंय..." तो समजावत सुटला. तेही मॅडमना.

त्याचं बोलणं संपेपर्यंत मॅडम थांबल्या. मग त्यांनी दुसऱ्या पट्टीवरचा टेप सोलून काढला. खाली त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या रुबिनाचं अक्षर होतं.

निनादने ते लगेच ओळखलं. ते प्रथिन बनवणारा जनुकच रुबिनाने ज्यांतून कापून काढला होता, त्या या पेशी. यांत ते प्रथिन असणं शक्यच नव्हतं; म्हणजे अँटीबॉडी भलत्यालाच चिकटत होती. "आधी यांच्यावर तुझी अँटीबॉडी लावून बघ," एवढंच ती मागच्या मीटिंगमध्ये म्हणाली होती. "जे नाहीच ते शोधायला मला वेळ नाही," म्हणून त्याने तिला मध्येच तोडलं होतं. सगळे हसले होते. ती गुपचूप खाली बसली होती.

"बाटलीच खराब असणार," तो पुटपुटला.

"याच प्रथिनासाठी दुसऱ्या कंपन्यांच्याही मागवल्या होत्यास ना?"

"तीन... त्यांनी काहीच दाखवलं नाही. खराब म्हणून टाकून दिल्या."

"काहीच दाखवलं नाही..."

मॅडमनी त्याचेच शब्द परत उच्चारले. तिघींनी नाही म्हटलं म्हणून त्या खराब, हिने हो म्हटलं म्हणून ही चांगली. निवड त्याचीच होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. आपल्या चुकीची लाज वाटतच होती, पण त्या दिवशीच्या हसण्याची त्याहून जास्त वाटत होती.

"निबंध पाठवत नाही," अखेर तो म्हणाला. "आणि रुबिनाला मी सगळ्यांसमोर... मॅडम, येत्या मीटिंगमध्ये मीच उभा राहतो. माझी चूक, तिच्या पेशी, तिचं म्हणणं, सगळं मीच नीट समजावून सांगतो."

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाचा दिवा मालवला.

"म्हणजे परत तूच बोलणार?"